मंडईतलं जपानी गाणं

आमच्या घरात जपान शिरला तो फोनमधून. फोन मोठेबाबांच्या मुलीचा. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. घर एक, चूल एक, धानाच्या शेताच्या बांध्या एक, आणि शब्द चालायचा तो त्यांचा एकट्याचा. त्यांची मुलगी माझ्याहून थोडीशीच मोठी. आम्ही दोघी एका वर्गात शिकलो, एका गादीवर झोपलो, एकमेकींच्या उवा काढल्या. तरी तिच्याबद्दल मी इथं जे लिहिणार आहे त्यात गोड असं फारसं नाही. ज्यांना बहिणीबहिणींच्या मायेच्या गोष्टी आवडतात त्यांनी दुसरं काही वाचावं.

कॉलेज बंद होतं त्या काळात ती फोनवर एक जपानी कार्टून पाहायची. डोंगरात राहून घंटा ओतणाऱ्या एका मुलीचं होतं ते. माणसं हिंदीत बोलायची, पण सुरुवातीचं गाणं कोणी हिंदीत केलं नव्हतं, जपानीच ठेवलं होतं. दर भागाच्या सुरुवातीला ते यायचं आणि ती ते पुढं ढकलायची. मी म्हणायची, राहू दे ना. ती म्हणायची, "समजते का तुले काही? कायले ऐकते?"

समजत काहीच नव्हतं. पण ते गाणं गाणारी बाई आधी अगदी खाली, बोलल्यासारखी सुरू करायची, आणि मधेच एकदम वर जायची. पायरी नाही, जिना नाही, सरळ माळ्यावर. आणि वर गेल्यावर दम संपेपर्यंत तिथंच राहायची. अगदी शेवटी तिचा आवाज जरासा फाटायचा. त्या फाटण्याचं मला वेडच लागलं. बहीण अंघोळीला गेली की मी फोन घेऊन न्हाणीमागं बसायची आणि तेवढंच ऐकायची. बाई दम कुठं घेते, ओठ कुठं मिटते, तेसुद्धा मला ऐकून कळायला लागलं. तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही. पाहावासा वाटलाही नाही, कारण चेहऱ्यांचं काय होतं ते मला आमच्या घरात चांगलं ठाऊक होतं.

मी काळी आहे आणि माझे वरचे दात पुढं आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडं माझी ओळख करून देताना सगळे आधी तेच सांगतात. मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, पाहुण्यांसमोर म्हणायची, "हिचं गाणं ऐकावं तं डोळे मिटून." पाहुणे हसायचे. माझी आईपण हसायची. मीही हसायची, आणि हसताना तोंडावर पदर किंवा ओढणी घ्यायची, म्हणजे दात दिसू नयेत. बहीण गोरी, नाकेली, केस कमरेपर्यंत. तिला कोणी कधी गाणं म्हण असं म्हटलं नाही, आणि तिला म्हणताही यायचं नाही. देवळातल्या आरतीत ती नुसते ओठ हलवायची.

गाणं पहिल्यांदा लोकांसमोर म्हटलं ते रोवण्यात. गुडघाभर चिखलात बायका रांगेनं वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवत असतात तेव्हा कोणीतरी गात असतं, नाहीतर कंबर धरते. त्या दिवशी गाणी संपली होती. मी जपानी सुरू केलं. बायका आधी थांबल्या, मग हसल्या, मग एकीनं त्याच चालीवर आपले शब्द बसवले, नवरा आणि जावेबद्दलचे, लिहिण्यासारखे नाहीत असे. संध्याकाळपर्यंत अख्खी बांधी ते म्हणत होती. जपानी गाण्याची आमच्या गावातली ती पहिली नक्कल, आणि मला विचाराल तर सगळ्यात चांगली तीच.

बाबा बांधावर उभे होते. घरी येताना मागं राहून मला म्हणाले, "तुझा आवाज नाटकात चालन." बाबांना नाटकाचं भारी वेड. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी ते होळी गावोगावी नाटकं होतात, आणि नाटकात गाणारी बाई असली की लोक कडाक्याच्या थंडीत पोती पांघरून बसतात. बाबा सायकलवर कुठल्या कुठं जायचे नाटक पाहायला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेच. मला नाटक कंपनीत गाणारी व्हायचं होतं. लग्न, नोकरी, शहर, कशाचंही मला पडलं नव्हतं. बाबांनी म्हटलं होतं, चालन, आणि माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल कोणी चालेल असं म्हटलेलं ते पहिलंच.

मग बहिणीनं रील केलं. मला म्हणाली, "म्हणून दे ना, मी त्यावर तोंड हलवतो." रीलमध्ये सगळेच दुसऱ्याच्या गाण्यावर तोंड हलवतात, त्यात मला वावगं वाटलं नाही. मी धान्याच्या कोठीमागं उभी राहून म्हटलं, तिनं फोनात भरून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी हिरव्या बांधीत पिवळी साडी नेसून तिनं त्यावर ओठ हलवले. मागं वाद्य नाही, काही नाही, नुसता आवाज. लोकांना वाटलं हीच गाते. तिनं नाही म्हटलं नाही.

ते रील इतकं पसरलं की तालुक्याच्या दुकानात लोक तिला ओळखायला लागले. नागपूरच्या एका पोरीनं पेटीवर तेच गाणं म्हटलं आणि खाली लिहिलं, भंडाऱ्याच्या या ताईचं ऐकून शिकले. कुठल्याशा पोरांनी त्याला ढोल जोडले. गणपतीत आमच्या भजनी मंडळानं त्या चालीवर गणपतीचं भजन बसवलं आणि टाळ घेऊन म्हटलं. बुवांना कोणी विचारलं, चाल कोणाची, तर ते म्हणाले, "आपल्या पोरीची." आणि बहिणीकडं बोट केलं. मी टाळ वाजवत होते, समोरच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी पुस्तकात वाचला होता, तेव्हा तो नऊवारी नेसून पाटावर बसलेला पाहिला.

घरी मी भांडले. बहीण म्हणाली, "मी कुठं म्हटलं का माझा आवाज हाये? लोक म्हणून राहिले." मोठीआई म्हणाली, "तुझं तोंड दाखवलं असतं तं पाहिलं असतं का कोणी?" आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

दिवाळी झाली आणि मंडया सुरू झाल्या. मंडई म्हणजे आमच्याकडचा गावाचा सण. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे येतात, दुकानं लागतात, दिवसा दंडारीचे नाच आणि गाणी, रात्री नाटक. आणि पोरी पाहायचं काम मंडईतच उरकतं. मुलाकडच्यांना वेगळं बोलावणं नको, चहापोह्यांचा तमाशा नको. पाहुणे म्हणून येतात, मुलगी इकडून तिकडून फिरते, ते पाहून घेतात, आणि नाही पटली तर कोणाची नाचक्की नाही. फार सोयीची रीत आहे, म्हणजे ज्यांना पाहण्यासारखं काही असतं त्यांच्यासाठी.

त्या वर्षी बहिणीला पाहायला सिहोऱ्याचे लोक येणार होते. मुलानं ते रील पाहिलं होतं, त्यावरूनच निरोप आला होता. मुलाचा मामा वडशाच्या एका नाटक कंपनीत तबलजी होता, आणि आमच्या मंडईत रात्रीचं नाटक त्याच कंपनीचं ठरलं होतं. म्हणजे मुलाकडचेही येणार आणि कंपनीचे मालकही येणार. बाबांनी मला गोठ्यात नेऊन सांगितलं की मालकांची गाणारी बाई लग्न होऊन गेली आहे आणि ते नवी शोधत आहेत. मला त्या दिवसांत जेवण गोड लागेना.

मंडईच्या आदल्या दिवशी मोठेबाबांनी मला ओसरीत बोलावलं. बाबाही होते.

"उद्या दुपारी इस्टेजवर पोरीचं गाणं ठेवलं हाये," ते म्हणाले. "थे समोर उभी राहीन. तू पडद्यामागून म्हणजो."

"मी काहून मागून?"

"तुले कोण पाहाले येऊन राहिलं?"

मी बाबांकडं पाहिलं. बाबा म्हणाले, "दादा, हिलेबी मालकासमोर म्हणायचं हाये ना."

मोठेबाबा वाईट माणूस आहेत असं मी तेव्हाही म्हटलं नसतं. हिशेबी होते. म्हणाले, "कार्यक्रम झाला का मालकाले मी सोता सांगतो, गाणारी हे हाये म्हून. थे नाटकवाले. त्यायले आवाजाशी मतलब. पण आधी पोरीचं जमू दे."

बाबा म्हणाले, "दादा बोलले म्हणजे झालं." आणि मला ते खरं वाटलं, कारण आमच्या घरात दादा बोलले म्हणजे खरोखरच झालेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी राजवाडा रंगवलेल्या पडद्यामागं उलट्या घमेल्यावर माईक धरून बसले. बहिणीच्या हातातला माईक बंद होता. मोठीआई माझ्या खांद्यावर हात ठेवून शेजारी उभी, मी उठू नये म्हणून. समोर बसलेले लोक मला दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. पोरं शिट्ट्या मारत होती, कोणीतरी भेळवाल्याशी भांडत होतं. मग निवेदकानं तिचं नाव घेतलं आणि मी खालच्या सुरात सुरू केलं.

मधल्या त्या उडीपाशी आल्यावर माझ्या मनात आलं, गप्प बसावं. बस, एवढंच. तोंड मिटलं की पडद्यापुढं ती ओठ उघडून उभी राहील आणि अख्ख्या मंडईला कळेल. माझं डोकं असं सणकलं होतं की मी खरंच गप्प बसले असते. पण समोर मालक बसले होते. ते याच उडीची वाट पाहत असणार, आणि ती चुकली तर चुकणार होती मीच. म्हणून मी वर गेले, आणि जन्मात गेले नव्हते अशी गेले. शेवटी आवाज फाटला, त्या बाईचा फाटायचा तसा नाही, माझा फाटतो तसा. समोर टाळ्या सुरू झाल्या. पडद्याच्या फटीतून बहीण वाकून नमस्कार करताना दिसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी टाळ्यांच्या आवाजात खाल्ला.

आता कोणी म्हणेल, गावातल्या बायकांना तर माहीत होतं. रोवण्यात सगळ्यांनी ऐकलं होतं ना. होतं माहीत. सगळ्यांना माहीत होतं. पण आमच्याकडं पोरीची सोयरीक जुळत असताना गावातलं माणूस वाकडा शब्द काढत नाही. सोयरीक मोडणाऱ्याच्या तोंडात किडे पडतात म्हणतात. दुसऱ्याची विहीर चोरतील, बांध कोरतील, पण सोयरीक मोडणार नाहीत. त्यामुळं ज्या बायकांनी माझ्या गाण्यावर नवऱ्याला शिव्या बसवल्या होत्या, त्याच सिहोऱ्याच्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होत्या, "लहानपणापासून असाच गळा हाये बाप्पा पोरीचा."

मालक घरी आले. सोबत मुलाचा मामा, तो तबलजी. मला चहा घेऊन पाठवलं. मालकांनी माझ्याकडं न पाहता ट्रेमधला कप उचलला आणि मोठेबाबांना म्हणाले, "दादा, पोरगी आमाले द्या. सोन्यावाणी ठेवीन."

मोठेबाबा म्हणाले, "आमच्या घरच्या पोरी नाटकात जात नाहीत जी. अन् तिचं तं आता जमून राहिलं."

मी ट्रे धरून उभी. आता सांगतील, मग सांगतील. मोठेबाबा पानाला चुना लावत होते. सगळ्यांनी चहा घेतला, कप परत ट्रेमध्ये ठेवले, आणि तबलजी म्हणाला की रात्रीच्या नाटकाचं सामान उतरवायचं आहे. ते गेले. मी कप विसळले.

नंतर मी विचारलं तर मोठेबाबा म्हणाले, "आता बोललो तं मोडन. लगन होऊ दे."

लग्नापर्यंत एक वेगळाच प्रकार सुरू झाला. लोकांना खोटं बोलायची सवय झाली की मग तेच खरं वाटायला लागतं, हे मला माहीत नव्हतं. हळूहळू बायका मलाच म्हणायला लागल्या, "तूबी बरी म्हणतेस. थोडीफार तिच्यावाणीच." माझी एक मैत्रीण होती, रोवण्यात माझ्या शेजारी असायची, तीसुद्धा म्हणाली. मी तिला म्हटलं, तुझी मती फिरली का? ती म्हणाली, "रागावते कायले? चांगलंच तं म्हणून राहिले." त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही, आणि तिला अजून कळलेलं नाही का ते.

लग्नात धुमाल लावला होता. धुमाल म्हणजे आमच्याकडचा वरातीतला बँड, गाडीवर ढोलताशे आणि कानाचे पडदे फाडणारे भोंगे. त्यांनी नवरीच्या गाण्याची फर्माईश म्हणून ते जपानीच लावलं, रीलमधला माझा आवाज आणि त्याला खालून ताशा. माझा आवाज कापून कापून, ती उडी पुन्हा पुन्हा घ्यायला लावून. नवऱ्या मुलाचे दोस्त त्यावर लोळून नाचत होते. मलाही ओढलं. नवरीची बहीण नाचत नाही म्हणजे काय. मी नाचले.

बिदाईच्या वेळी बहीण माझ्या गळ्यात पडली आणि रडता रडता कानात म्हणाली, "कोणाले सांगू नको माय. तुझ्या पाया पडतो." मला तिची कीव आली. ती कीव आली याचा राग मला अजून येतो.

सासरी तिला कोणी गायला लावलं नाही. भीती होती ती सगळी फुकट. सासूनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आता झालं गाणं, सुनेनं गळा काढला तर शेजारी काय म्हणतील. रील मात्र सासरा येईल त्याला दाखवतो, आमची सून म्हणून. ज्या आवाजासाठी त्यांनी मुलगी नेली तो आवाज त्यांना घरात नकोच होता. मी हसले ते ऐकून. मोठेबाबांनी माझा जो जीव घेतला तो कोणाच्या काही कामाचाही नव्हता.

मी पुन्हा विचारलं. या वेळी मोठेबाबांचा आवाज चढला. "थे नांदून राहिली, अन् तुले गाण्याचं सुचते? बहिणीचं घर मोडतेस का?" चोराच्या उलट्या बोंबा. मी तसं म्हटलंही, तोंडावर म्हटलं. मोठीआईनं हातातलं उलथनं फेकलं, ते भिंतीला लागलं. आई म्हणाली, चूक झाली म्हण. मी म्हटलं नाही.

त्या आठवड्यात बाबा पुन्हा मला गोठ्यात घेऊन गेले. म्हणाले, "मी नेतो तुले वडशाले. मालकासमोर उभी करतो. तबलजी गावी गेला हाये, मी इचारून घेतलं." माझ्या बाबांनी आपल्या भावाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जगात एक माणूस तर आहे. त्यांच्यावर मला इतकी माया आली की मी रडले.

घरी सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडं जातो. मोठीआई म्हणाली, "दाखवून काय होते? दातं तं असेच दिसून राहिले." आम्ही निघालो. साकोलीहून बस पकडली, लाखांदूरवरून वडशाला. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. वाटेत त्यांनी मला विचारलं, आधी कोणतं म्हणशील. मी म्हटलं, आधी नाटकातलं एक, मग ते. ते म्हणाले, "थे म्हणजोच. त्यांनी ऐकलं हाये थे. कान ओळखन त्यायचा."

कंपनीचं ऑफिस म्हणजे एक लांब खोली. भिंतीवर जुन्या नाटकांचे बोर्ड, कोपऱ्यात तलवारी आणि मुकुट, मधे सतरंजी. मालक पेटीपुढं बसले होते. आणि त्यांच्या शेजारी तबल्याला हातोडी मारत बसला होता तबलजी, बहिणीचा मामेसासरा. गावी गेला नव्हता, किंवा जाऊन आला होता.

"या सोयरे," तो उठून म्हणाला. "रामराम. बसा."

बाबा जागच्या जागी उभे राहिले. मग बसले.

मालक माणूस चांगला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पाणी मागवलं, माझं नाव विचारलं, दातांकडं पाहिलं नाही, म्हणाले, "म्हण बेटा, घाबरू नको." तबलजीनं ठेका धरला. मी नाटकातलं एक पद म्हटलं. मालकांनी मान डोलावली, एका जागी डोळे मिटले. म्हणाले, "गळा हाये. अजून काही?"

मी जपानी सुरू केलं.

पहिली ओळ ऐकूनच ते हसले. वाईट हसू नव्हतं ते, ओळखीचं हसू होतं. त्यांनी मला पुरं म्हणू दिलं. उडी, वरचं थांबणं, शेवटचं फाटणं, सगळं. मग खिशातून फोन काढला.

"हे पाय," ते म्हणाले. त्यांनी रील लावलं. हिरवी बांधी, पिवळी साडी, आणि माझा आवाज. कोठीमागून म्हटलेला. शेवटच्या जागी त्यांनी बोट वर केलं. "ऐकलं? हिचा आवाज इथं फाटते. आपोआप फाटते, तिलेबी मालूम नाही. तू फाडून राहिली. फरक समजते का तुले?"

मी म्हटलं, "जी?"

"हुबेहूब करतेस. मेहनत हाये, मी नाही म्हणत नाही. पण नक्कल थे नक्कल. हे रील आल्यापासून चार पोरी माह्याकडं हेच गाणं घेऊन आल्या. मले ओरिजिनल पाहिजे बेटा."

मी म्हटलं, "थो माझाच आवाज हाये जी."

पुन्हा तबल्याला हातोडी मारणाऱ्या तबलजीचा हात थांबला.

"मी मागून म्हटलं," मी म्हटलं. "मंडईतबी मीच मागं होती. तिले गाता येत नाही."

तबलजीनं हातोडी खाली ठेवली आणि बाबांकडं पाहिलं. मालकांनीही बाबांकडं पाहिलं. ते गंभीर झाले होते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी माझं सरळ खोटं ठरवलं नाही. ते विचारायला तयार होते.

"का जी," त्यांनी बाबांना विचारलं, "पोरगी काय म्हणून राहिली? हा आवाज हिचा हाये का?"

बाबांनी एवढ्यासाठीच मला आणलं होतं. भावाशी खोटं बोलून, धुतलेलं धोतर नेसून. एक हो म्हणायचं होतं. मी त्यांच्याकडं पाहत राहिले. ते माझ्याकडं पाहत नव्हते, तबलजीकडं पाहत होते.

"नाही जी," बाबा म्हणाले. "थो माह्या पुतणीचा हाये."

तबलजीनं पुन्हा हातोडी उचलली.

मालकांनी माझ्याकडं पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. लहान पोर खोटं बोलताना सापडलं की मोठी माणसं पाहतात तसं ते पाहत होते. म्हणाले, "होते असं. चांगलं ऐकलं का आपलंच वाटते. पण बेटा, गळा हाये तुझा, वाया घालवू नको. बहीण घरचीच हाये ना? तिच्याजवळ बसजो. थे जागा कशी घेते थे तिच्यापासून शिकून घे, मग ये माह्याकडं."

मी काही बोलायच्या आत बाबा उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

"सांगतो जी पुतणीले," ते म्हणाले. "शिकवन थे हिले."